सामानापाशी एक माणूस

आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये त्याला सगळे ‘लीडर’च म्हणायचे. त्याची बायकोसुद्धा चारचौघांत “अहो लीडर” अशी हाक मारायची आणि तो ती कौतुकानं ऐकून घ्यायचा. मी आयुष्यभर त्याला तोंडावर अहो-जाहो केलं. लिहिताना मात्र ‘तो’च लिहिणार आहे. एवढी मुभा माझी मी घेतली आहे.

ग्रुप पेठेतला आणि मी धायरीची. आता धायरी म्हटलं की लोकांना फ्लॅट, पाण्याचे टँकर आणि सिंहगड रोडचं ट्रॅफिक आठवतं. मी कॉलेजात होते तेव्हा ते गाव होतं. घरामागे आमची ज्वारी होती आणि ओट्यावर बसलं की समोर सिंहगड. कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं मला ग्रुपमध्ये नेलं. पहिल्याच रविवारी गड चढताना मी सगळ्यांच्या पुढे. वर पोचल्यावर सहज म्हणाले, “वारं लई हाय,” तर सगळे जे हसत सुटले, ते पिठलं-भाकरी येईपर्यंत थांबले नाहीत. सगळ्यात जोरात लीडर. त्या दिवसापासून मी ग्रुपमध्ये ‘आहे’ म्हणायला लागले.

लीडरचा एक नियम होता. सामान एकटं सोडायचं नाही. मुक्कामाची जागा कुठलीही असो, देऊळ असो, शाळा असो, लॉज असो. बाकीचे वर जाणार असतील तर सामानापाशी एक माणूस थांबलाच पाहिजे. परक्या मुलखात विश्वास ठेवायचा तरी कोणावर, असं तो विचारायचा. तो माणूस कोण, हे अर्थात लीडर ठरवणार. आणि तो माणूस म्हणजे लीडर, असं कधी झालेलं कोणी पाहिलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ग्रुप पहिल्यांदा हिमालयात निघाला. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. वडिलांना पटवताना घरात रणकंदन झालं. शेवटी थोरली वहिनी मध्ये पडली म्हणून जमलं. तिनंच मला कानटोपी विणून दिली, लाल-पिवळी, वर गोंडा. कॅम्पात टोप्या बदलतात असं कोणीतरी तिला सांगितलं होतं, म्हणून आतल्या कडेला तिनं हिरव्या लोकरीचे दोन टाके घातले, खूण म्हणून. सगळ्या आळीला माहीत झालं होतं की आमची पोरगी बर्फाची खिंड ओलांडणार.

खिंडीच्या खाली एक लाकडी लॉज होतं. एक चौकीदार, एक शेगडी आणि एक लांबलचक खोली. सकाळी सगळे बूट बांधत होते. मीही बांधत होते. लीडरनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी येऊन थांबला.

“तू थांब सामानापाशी.”

“मी? मी का?”

“अगं, तुला काय डोंगराचं कौतुक! तुझ्या तर ओट्यावरून रोज दिसतो.”

परत सगळे हसले. मग त्यानं माझ्या डोक्यावरची टोपी काढली, हो, सरळ हात घालून काढली, आणि स्वतःच्या डोक्यावर चढवली. “वर वारा असतो. तुला काय, इथं शेगडी आहे.” आणि गेले सगळे.

आज कोणी असं केलं तर मी त्याचा हात धरून परत त्याच्या खिशात घालीन. तेव्हा मी नुसती उभी राहिले. दिवसभर त्या सॅकच्या ढिगाशेजारी बसले. खिडकी होती, पण ती खिंडीच्या विरुद्ध बाजूला. चौकीदार दोनदा चहा देऊन गेला. संध्याकाळी सगळे लालबुंद तोंडं घेऊन परत आले. मी विचारलं, “कसं होतं?”

लीडर म्हणाला, “काही विशेष नाही गं. तू काही गमावलं नाहीस.”

आणि मग पुण्याच्या स्टेशनात उतरेपर्यंत हे लोक खिंडीशिवाय दुसरं काही बोलले नाहीत! टोपी मागितली तर म्हणाला, सॅकच्या तळाशी गेली आहे, पुण्यात देतो. पुणं आलं, टोपी काही आली नाही. घरी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बसायचंच व्हतं तर हितं बसायचं की. एवढ्या लांब कशाला गेलीस बसायला?” तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

खिंडीतला फोटो लीडरनं मोठा करून आपल्या हॉलमध्ये लावला. मागे बर्फ, पुढे सगळा ग्रुप, मधोमध लीडर आणि त्याच्या डोक्यावर माझ्या वहिनीची टोपी. दर कोजागिरीला आम्ही त्याच फोटोखाली बसून मसाला दूध प्यायचो. लोक विचारतील, मग ग्रुप सोडला का नाहीस? का सोडू? डोंगर काय त्याच्या बापाचे होते? माझं लग्न झालं, नोकरी झाली, मुलं झाली, मधली काही वर्षं पाय घरात अडकले, पण जमेल तेव्हा मी जात राहिले. आणि फोटो बघत राहिले. मी विसरणाऱ्यांतली नाही.

रिटायर झाल्यावर नेपाळचा बेत निघाला. लीडर तेव्हा सत्तरीला टेकला होता. मीटिंग त्याच्याच हॉलमध्ये, त्याच फोटोखाली. त्यानं जाहीर केलं, “हा माझा शेवटचा मोठा ट्रेक. गुडघे आता ऐकत नाहीत. एकदा ती शिखरांची रांग सूर्योदयाला डोळे भरून बघायची, मग आहेच आपली पर्वती.” सगळे एकदम गंभीर झाले. मीही चेहरा तसाच केला.

माझी भाची आदल्या वर्षी तिकडे जाऊन आली होती. तिनं सांगितलेलं मी मीटिंगमध्ये सांगितलं. त्या वाटेवरचे लॉजवाले खोलीचं भाडं अगदी नावाला घेतात, पण जिथं झोपायचं तिथंच जेवायचं, हा तिथला रिवाज आहे. त्यांचं सगळं घर त्या जेवणावर चालतं. आपलं खाणं काढून बसलं तर त्यांना राग येतो.

लीडर हसला. “आपण डोंगर बघायला चाललोय, लॉजवाल्यांना पोसायला नाही.” आणि त्यानं खाण्याची वाटणी सुरू केली. कोणी नुसतं पाणी ओतून होणारा उपमा घ्यायचा, कोणी मेतकूट, कोणी गूळपोळ्या, बाकरवडी सगळ्यांनीच. लॉजवर फक्त गरम पाणी मागायचं, बाकी सगळं आपलं. पेठेत हे फार हुशारीचं समजतात. मी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायचं नाही असं मी तिथंच, चहाचा कप हातात असताना ठरवलं.

त्या ट्रेकला एक नवी बाई आली होती, हडपसरची. प्राथमिक शाळेतून नुकतीच रिटायर झालेली. माझ्याच खोलीत तिची सोय होती, त्यामुळे आमचं लगेच जमलं. मला म्हणाली, “ताई, इतकी वर्षं मी पोरांना नकाशावर पट्टी ठेवून हिमालय दाखवला. पट्टी माझ्या हातात, पण मी काय बघितला नव्हता. एकदा बघून घेते, मग देवानं कधी पण न्यावं.” गेल्या जन्माची ओळख असल्यासारखी ती बोलायची. मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, “आपण दोघींनी लॉजवरच जेवायचं. कोणी काही म्हणो.”

ती लॉजं मला फार आवडली. प्लायवुडच्या भिंती, इतक्या पातळ की शेजारच्या खोलीतला माणूस कुशीवर वळला तरी कळावं. जेवायच्या हॉलमध्ये मधोमध लोखंडी शेगडी, तिच्यावर दोरी बांधून वाळत घातलेले जगभरचे मोजे, कडेनं बाकडी. आम्ही दोघी डाळ-भात घ्यायचो. तो तिथं वाटेल तितका परत परत वाढतात, आग्रह करून. आणि शेजारच्या बाकड्यावर आमचा ग्रुप टेबलाखाली डबे धरून उपम्यावर गरम पाणी ओतत असायचा, शाळेत मागच्या बाकावर चिंचा खाल्ल्यासारखा. लीडरचं आणखी एक काम असायचं. लॉज आलं की पुढे पळत जायचं आणि चांगल्या खोल्यांतल्या खाटांवर रुमाल टाकून यायचं. स्वारगेटला एसटीत खिडकीतून टाकतात तसे. कोणी गोरा माणूस तो रुमाल उचलून त्याला प्रेमानं परत आणून द्यायचा, तेव्हा मी भातात तोंड घालून हसायचे.

शेवटून दुसऱ्या लॉजची मालकीण चांगली ठसठशीत बाई होती. तिला सगळे दीदी म्हणत. ती हातात डाव घेऊन आली आणि ग्रुपच्या टेबलापाशी उभी राहिली. टेबलावर गूळपोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्याकडून मागून घेतलेलं गरम पाणी.

“हमको डॉक्टर ने बाहर का खाना मना किया है,” लीडर म्हणाला.

दीदीनं एकेकाकडे पाहिलं. “सबका एक ही डॉक्टर है?”

लीडर चटणीकडे बघायला लागला. मग ती शांतपणे म्हणाली, “अपना खाना खाना है तो अपने घर में सोना.” त्या दिवशी तिनं झोपू दिलं, पण मी हात धुवायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती फोनवर बोलत होती. वरचं शेवटचं लॉज तिच्या बहिणीचं होतं. भाषा कळत नव्हती, पण ‘पूना’ मला कळलं. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली, मीही हलवली. बाहेर येऊन लीडरला यातलं अवाक्षर बोलले नाही.

वरच्या लॉजवर पोचलो तर दीदीची बहीण दारातच. खोल्या भरल्या म्हणाली. रिकाम्या खोल्या समोर दिसत होत्या, दारं उघडी होती, लीडरचे रुमाल हातातच राहिले. बाकीच्यांनी हॉलमधल्या बाकड्यांवर झोपावं. आणि मला आणि हडपसरच्या बाईंना मात्र तिनं खोली दिली, किल्लीसकट. किल्लीला लाकडाचा एक ठोकळा बांधलेला. मी तो सगळ्यांच्या देखत हातात हलवत आत गेले. लहान मुलासारखं वागले म्हणा, पण मला फार बरं वाटलं.

पहाटे वरच्या टेकडीवर जायचं होतं. सगळ्या ट्रेकचं सार ते. तिथूनच ती रांग दिसते. उतरून परत याच लॉजवर यायचं, म्हणून सामान खालीच. आणि आता सामान ठेवायचं कुठं? हॉल उघडा, येणारे-जाणारे सतत. जेवणं झाल्यावर लीडर माझ्याकडे आला.

“सगळ्या सॅक तुमच्या खोलीत टाकू. कुलूप आहे.”

“जागा नाही,” मी म्हणाले.

“खाटांखाली ठेवू.”

“तिथं आमचे बूट आहेत.”

खाटांखाली अख्खा टेम्पो रिकामा झाला असता. पण मी किल्ली मुठीत धरून बसले होते. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्याला माझ्याकडून काही हवं होतं आणि ते न देण्यात जी मजा होती ती शब्दांत सांगता येणार नाही. बघू या, म्हटलं, आता तुझ्या नियमाचं काय करतोस.

त्यानं तेच केलं जे तो नेहमी करायचा. नजर फिरवली. आणि ती हडपसरच्या बाईंवर थांबली.

“मग मॅडम, तुम्ही थांबा सामानापाशी. हडपसरहून एवढ्या लांब आलात, इथून काय कमी डोंगर दिसतोय! टेकडीवरून काय, हेच जरा मोठं.”

 त्या बाईनं मफलर सोडला आणि घडी घालायला लागली. ती घडी बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, हीच ती! मीच बसले होते तशी, तोंड शिवून. आणि या वेळी तिला बसवायला माझी मूठही कारण होती. किल्ली काढून द्यावी असं क्षणभर वाटलं. पण नाही दिली. किल्ली दिली असती तर तो परत सुटला असता.

“त्या थांबणार नाहीत,” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला. शेगडीशी बसलेले परके लोकही वळले. “लीडर, सामानापाशी तुम्ही थांबा.”

तो हसला. “अगं, लीडर कसा थांबेल?”

“मी थांबले होते. पहिल्या हिमालयात.”

“असेल. कोणीतरी थांबतंच.”

तेवढ्यात आमच्यातली एक जुनी बाई, चाळीस वर्षं ग्रुपमध्ये असलेली, कधी वर आवाज न काढणारी, ती म्हणाली, “मी थांबले होते हरिश्चंद्रगडाला. देवळात. कोकणकडा अजून पाहिला नाही मी.” मग तिच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, “मला रतनगडाला ठेवलं होतं, नवीन होतो म्हणून.” मग आणखी एक. आणखी एक. जो तो आपापला गड सांगायला लागला. मला काही माहीतच नव्हतं! मला वाटायचं, एकटी मीच. एकेक जण इतकी वर्षं आपापलं सामान छातीशी धरून बसला होता.

“सगळे थांबलेत एकेकदा,” मी म्हणाले. “तुमचीच पाळी राहिली आहे. आणि तुम्हाला काय एवढं डोंगराचं कौतुक? तुमच्या तर भिंतीवर रोज दिसतो.”

या वेळीही सगळे हसले. पण माझ्या बाजूनं.

लीडरचा चेहरा उतरला. त्यानं एकेकाकडे पाहिलं, की कोणीतरी म्हणेल, जाऊ दे, शेवटचा ट्रेक आहे त्यांचा. कोणी म्हणालं नाही. मला ते ठाऊक होतं, शेवटचा आहे हे. माझ्या लक्षात होतं आणि तरीही मी गप्प राहिले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कोणाला वाटायला नको की त्या गडबडीत मी विसरले असेन.

पहाटे आम्ही निघालो तेव्हा तो सॅकच्या ढिगाशेजारी बाकड्यावर बसला होता. नियम त्याचा, आता मोडणार कसा? मी दाराशी पोचले तेव्हा त्यानं हाक मारली.

“वर वारा असतो. तू डोक्याला काही घातलं नाहीस. ही घेऊन जा. फार लकी आहे माझी. त्या पहिल्या खिंडीपासून.”

आणि त्यानं सॅकच्या तळातून माझी टोपी काढून माझ्या हातावर ठेवली. लाल विटून गेला होता, गोंड्याची लोकर सुटली होती.  घातली आणि चढायला लागले.

वरचं काय सांगू? उजेड आला तसं एकेक शिखर पेटत गेलं. आमच्यातले निम्मे रडत होते, मी धरून. हडपसरच्या बाई माझा दंड घट्ट धरून उभ्या होत्या. “पट्टीच्या एवढ्याशा टोकाखाली मावायचं हो हे सगळं,” म्हणाल्या, आणि मग त्यांनी शेजारच्या एका जर्मन मुलीला मराठीत सगळ्या भारताचा भूगोल सांगितला. टोपी अजून ऊब देत होती. वहिनीचा हात चांगला होता.

दुपारी उतरलो. लीडर तिथंच होता. कोणीतरी त्याच्यापुढे चहा ठेवला होता, तो गार झाला होता. उठून उभा राहिला, गुडघ्याला हात लावून, आणि मला विचारलं, “कसं होतं?”

हे वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. “काही विशेष नाही,” मी म्हणाले. “तुम्ही काही गमावलं नाहीत.”

तो मान हलवून “असं होय,” म्हणाला. त्याला काही लागलंच नाही! माझा उत्तम बाण आणि समोर माणूसच नाही. त्याला आठवतच नव्हतं, आणि काल रात्री मी सांगितलेलंही त्याच्या कानांवरून गेलं होतं. त्यानं हात पुढे केला, “दे गं माझी टोपी. तू होतीस ना तेव्हा, त्या खिंडीत? काय दिवस होता तो! तुला आठवतो का?”

मी टोपी काढली. आतली बाजू बाहेर केली आणि कडेचे ते दोन हिरवे टाके त्याच्या डोळ्यांपुढे धरले.

“माझ्या वहिनीनं घातलेत. ही टोपी माझी आहे.”

तो बघत राहिला. “मग खिंडीत माझ्या डोक्यावर कशी?”

“तुम्ही माझ्या डोक्यावरची काढून घेतलीत म्हणून.”

“आणि तू कुठं होतीस?”

“सामानापाशी.”

तो हळूहळू खाली बसला. टाक्यांकडे पाहिलं, मग ढिगाकडे पाहिलं, मग त्या हॉलच्या खिडकीकडे. ती खिडकीही टेकडीच्या विरुद्ध बाजूलाच होती. “दिवसभर?” त्यानं विचारलं.

“दिवसभर.”

 त्यानं माफी मागितली नाही आणि मी तिची वाटही पाहिली नाही. मला एवढंच हवं होतं की आता हे त्यालाही आठवत राहावं, माझ्या एकटीच्याच डोक्यात नको. मी टोपी खिशात घातली, दीदीच्या बहिणीला हाक मारली आणि डाळ-भात सांगितला. थोड्या वेळानं लीडरनंही सांगितला.

कोजागिरीला त्याच्या घरी गेलो तेव्हा भिंतीवर फोटो नव्हता. खिळा तेवढा होता.